अंगरखा, झाडू आणि शाळेची वाट: तोक्यो आणि कोकण

निशिगंध

शुक्रवारी मुलगा शाळेतून आला तो हातात पांढरी कापडी पिशवी घेऊन. आत जेवण वाढताना घालायचा अंगरखा आणि टोपी. या आठवड्यात वर्गात वाढपाची पाळी त्याच्या गटाची होती. पाळी संपली की अंगरखा घरी आणायचा, धुवायचा, इस्त्री करायचा आणि सोमवारी परत न्यायचा. सोमवारी तो दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगात असतो. इस्त्री करताना लक्षात आलं, वरून दुसरं बटण निळ्या दोऱ्याने शिवलंय. बाकीची सगळी पांढऱ्या. कुणाच्या आईने की बाबांनी, कुणास ठाऊक. त्या बटणाकडे बघत बराच वेळ बसले, आणि उन्हाळ्यापासून मनात घोळणारं सगळं लिहून काढायचं ठरवलं.

आम्ही तोक्योच्या एदोगावा वॉर्डात राहतो, निशी-कासाईजवळ. वायटूकेच्या कामासाठी (२००० साल उजाडताना संगणकातल्या तारखा बिघडू नयेत म्हणून करायची दुरुस्ती) २००० च्या आसपास भारतातून इंजिनियर आले, त्यातले बरेच इथे स्थिरावले, त्यामुळे आसपास मराठी घरं खूप. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळाही जवळ आहेत. आम्ही मात्र मुलाला वॉर्डाच्या सरकारी शाळेत घातलं. आता तो तिसरीत आहे.

पहिलीत जाण्याआधीची ती रात्र आठवते. गणिताचा एक संच मिळतो, त्याला ‘सान्सू सेट’ म्हणतात. मोजायच्या काड्या, छोटी फुलं, खोटी नाणी, घड्याळ. यातल्या प्रत्येक वस्तूवर मुलाचं नाव हवं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक काडीवर. तांदळाएवढ्या चिठ्ठ्या चिमट्याने चिकटवत आम्ही दोघं रात्री एकपर्यंत बसलो होतो. तेव्हा वैताग आला होता. नंतर कळलं की वर्गात एक काडी जमिनीवर पडली तर ती कुणाची हे शोधून त्या मुलाला नेऊन दिली जाते, आणि हे सहा वर्षांची मुलंच करतात.

पहिल्या आठवड्यापासून तो चालत जातो. पिवळी टोपी, पाठीला रांदोसेरु, म्हणजे सहा वर्षं टिकणारं कडक दप्तर. पहिलीच्या मुलांच्या दप्तरावर पिवळं कव्हर असतं, म्हणजे गाडीवाल्यांना लांबून कळतं की हे नवीन मूल आहे. दप्तराच्या पट्ट्याला ओढला की कर्कश वाजणारा बझर. स्कूलबस नाही, आईबापांनी सोडायचंही नाही. पहिल्या दिवशी मी शंभर पावलं मागे राहून त्याच्या मागे गेले. कोपऱ्यावर पिवळा झेंडा घेतलेले एक आजोबा उभे होते. त्यांनी मला बघितलं, हसले आणि मान हलवून सांगितलं, जा घरी. मी परत फिरले.

आता दुसरी बाजू, जिच्यासाठी हा धागा.

इथे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मोठी सुट्टी जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत, जेमतेम चाळीस दिवस. म्हणजे माझ्या मुलाने आजोळचा मे महिना पाहिलेलाच नाही. झाडावरचा आंबा, अंगणात पसरलेली फणसपोळी, रात्री माजघरात ओळीने टाकलेली गाद्यांची पंगत, यातलं काहीच नाही. त्याला कोकण माहीत आहे ते फक्त धो धो पावसातलं. या वर्षी आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या माझ्या माहेरी तीन आठवडे होतो. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सुरू होती. पट अकरा. गुरुजींना विचारलं, तर म्हणाले बसू दे की. तो बसला आणि रमला. मराठी वाचायला अडखळतो, पण पोरांनी दोन दिवसांत त्याला गोट्या शिकवल्या, ओढ्यातले खेकडे दाखवले, आणि कुणाच्याही घरात न विचारता शिरून पाणी मागता येतं हे शिकवलं. तोक्योत हे त्याने कधीच केलेलं नाही. इथे मित्राकडे जायचं तर आधी दोन्ही आयांचं बोलणं व्हावं लागतं.

तिसऱ्या दिवशी तो घरी आला तो गप्प. रात्री आजीच्या कुशीत शिरल्यावर बोलला. पोषण आहाराची खिचडी खाऊन झाल्यावर त्याने सवयीने कोपऱ्यातला झाडू उचलला. इथे तोक्योत दुपारच्या जेवणानंतर पंधरावीस मिनिटं सगळी शाळा साफसफाई करते. टेबलं मागे सरकवायची, झाडायचं, मग ओलं फडकं दोन्ही हातांनी दाबून वाकून धावत फरशी पुसायची. त्याला वाटलं, हीच ती वेळ. तर पोरं हसायला लागली. ‘ए, ते पोरींचं काम हाय.’ आणि खरंच, दोन मुलींनी पुढे होऊन झाडू त्याच्या हातातून काढून घेतला. अगदी प्रेमाने. पाहुणा ना तो.

त्याने मला विचारलं, ‘आई, मग मुलगे काय करतात?’

मी म्हटलं, पाणी आणत असतील, मैदान साफ करत असतील. गुरुजी भले आहेत, शाळा नीटनेटकी आहे, मला कुणाला बोल लावायचा नाही. पण त्या प्रश्नाचं खरं उत्तर मी त्याला दिलं नाही हे मला माहीत आहे. मीही त्याच शाळेत शिकले. मीही झाडलंय. माझ्या वर्गातल्या मुलांनी चार वर्षांत एकदाही झाडू धरल्याचं मला आठवत नाही. आणि मुलींमध्येही शाळेमागची घाण काढायला कुणाला पाठवलं जायचं, हे आठवतं. ती कोणत्या वाडीतली असायची हेही आठवतं.

तुमच्या मुलांचं, तुमच्या स्वतःच्या शाळेचं काय? मनापासून ऐकायचं आहे.

अबोली

ताई, वाचताना डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. आम्ही पुढच्या एप्रिलमध्ये योकोहामाला येतोय, लेक पहिलीत जाईल. आम्ही शाकाहारी आहोत. शाळेतल्या जेवणाचं काय करता? हाच एक प्रश्न रात्री झोपू देत नाही.

निशिगंध

अबोली, घाबरू नकोस. महिन्याच्या सुरुवातीला पूर्ण महिन्याच्या जेवणाचा तक्ता घरी येतो, कोणत्या पदार्थात काय काय घातलंय हे लिहिलेलं असतं. अडचण मांसाची कमी, माशाच्या अर्काची जास्त. सूपपासून भाजीपर्यंत तो सगळीकडे असतो, कारण त्याला ते मांसाहार समजतच नाहीत. मुख्याध्यापकांना आणि आहारतज्ज्ञ बाईंना एप्रिलआधीच भेट. आमच्या शाळेने भात, दूध, फळ शाळेचं आणि भाजी घरच्या डब्यातली अशी सोय करून दिली. सगळ्या शाळा देतीलच असं नाही, म्हणून लवकर विचार. आणि लेकीला आधीच सांगून ठेव की तुझा डबा वेगळा असला तरी वाढायची पाळी तुलाही आहे. माझा मुलगा स्वतः न खाल्लेल्या माशांचे तुकडे सगळ्यांना वाढतो. आधी मला ते कसंतरी वाटलं. आता वाटत नाही.

फळाखडू

निशिगंधताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, सातारा जिल्हा, सव्वीस वर्षं झाली. तुमचं लिखाण दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा स्वतःच्या शाळेचा परिपाठ आठवला आणि जास्त वाईट वाटलं. आमच्याकडेही मुलीच झाडतात. मी कधी असा नियम केला नाही. पण नियम न करता ते तसं चाललंय, म्हणजे मी ते चालू दिलं.

एक गोष्ट जपानवाल्यांना सांगावीशी वाटते. आमच्या शाळेतलं जेवण कसं आलं ते मी पाहिलंय. १५ ऑगस्ट १९९५ ला योजना सुरू झाली, तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं. हजेरी भरली की महिन्याला मुलामागे तीन किलो तांदूळ. मुलं पिशवी घेऊन यायची, मी तराजूवर मोजून द्यायचो. तो तांदूळ घरी जाऊन कुणाच्या पोटात जायचा ते मला ठाऊक नाही. मग २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि हळूहळू शाळेत शिजायला लागलं. पहिल्या वर्षी आमच्या गावात प्रश्न काय होता? तांदळाचा नव्हता, जळणाचा नव्हता. ‘शिजवणार कोण’ हा होता. एका बाईंचं नाव ठरलं तर चार घरांची मुलं डबा घेऊन येऊ लागली. दोन महिने. मग पोरांनाच कंटाळा आला, खिचडीचा वास त्यांना राहू देईना. आज त्याच बाई शिजवतात, आणि कुणाला ते आठवतही नाही.

म्हणून तुमच्या त्या अंगरख्याचं मला फार महत्त्वाचं वाटलं. एकाच्या घरी धुतलेला दुसऱ्याने अंगात घालायचा. हे आमच्या गावात सुरू करायचं तर किती घरांतून निरोप येतील याचा मी विचार करत बसलो.

कडूलिंब

सगळे कौतुक करताहेत म्हणून थोडं कडू लिहितो. राग मानू नये, स्वतः भोगलंय.

आम्हीही सरकारी शाळेचाच हट्ट धरला होता. लेक चौथीपर्यंत छान होती. मग वर्गातल्या मुलींचा एक गट तयार झाला आणि तिला त्यातून बाहेर काढलं गेलं. मारहाण नाही, शिवी नाही. फक्त कुणी तिच्याशी बोलेना. साफसफाईच्या वेळी तिचं टेबल शेवटपर्यंत कुणी सरकवायचं नाही. वर्गशिक्षिका प्रेमळ होत्या, पण त्यांचं उत्तर एकच: सगळ्यांशी जुळवून घ्यायला शिकायला हवं. कुणी जुळवून घ्यायचं? नऊ वर्षांच्या लेकराने, एकतीस जणांशी. नोव्हेंबरपासून तिचं सकाळी पोट दुखायला लागलं. जानेवारीत तिने शाळेत जाणं बंद केलं.

जपानमध्ये याला शब्द आहे, ‘फुतोको’. २०२३-२४ या वर्षात प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत असं वर्षाला तीस किंवा त्याहून जास्त दिवस न येणाऱ्या मुलांची सरकारी संख्या ३ लाख ४६ हजारांच्या वर होती. ही सगळी मुलं आळशी नाहीत. ओसाकात एका मुलीचं म्हणणं होतं की तिचे केस जन्मतः तपकिरी आहेत, तिला शाळेने वारंवार काळे रंगवायला लावले, ती कोर्टात गेली. २०२१ मध्ये कोर्टाने केसांचा नियम बेकायदा ठरवला नाही, पण ती शाळेत येईनाशी झाल्यावर वर्गातून तिची जागा आणि यादीतून नाव काढलं याबद्दल तिला ३ लाख ३० हजार येन भरपाई द्यायला सांगितलं. सगळ्यांनी सारखं असावं या आग्रहातूनच तो सुंदर अंगरखाही येतो आणि हेही येतं. एकाच झाडाची फळं आहेत.

आता लेक भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आहे. वर्गात गोंगाट असतो, बाई ओरडतात, परीक्षा सतत असतात. पण ती भांडते, हसते, डबे अदलाबदल करते. भांडण उघड असलं की मिटवता येतं.

निशिगंध

कडूलिंबदादा, राग कसला. लेक आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तुम्ही म्हणता ते मी दोन वर्गमित्रांच्या घरी पाहिलंय, म्हणून मला भीती वाटते तीही हीच. मुलगा घरी येऊन ‘आज काही नाही झालं’ म्हणाला की मी दोनदा विचारते. इथल्या मुलांना आतलं आतच ठेवायची सवय फार लवकर लागते. कोकणात त्याने रडून दाखवलं, आजीजवळ. इथे तो कुणाजवळ रडला असता, मला सांगता येत नाही.

परतीची वाट

आम्ही नागोयाहून पुण्यात परत आलो तेव्हा लेक पाचवीत होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी शाळेत चालत जाते. अंतर सातशे मीटर. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनकाकांनी अडवलं, एकटं मूल सोडायचं नाही, वर फोन केला. त्यांचं चुकलं नाही. मी खाली गेले आणि तिच्याबरोबर चालून पाहिलं. फुटपाथ सुरू होतो तिथे झाकण नसलेलं चेंबर, पुढे पाणीपुरीची गाडी, त्यापुढे लावलेल्या दुचाक्या, मग फुटपाथच संपतो. झेब्रा क्रॉसिंगवर ती सवयीने हात वर करून उभी राहिली. जपानमध्ये मुलांना तसंच शिकवतात, हात वर केला की गाडी थांबते. एकही गाडी थांबली नाही. तिने हात खाली घेतला नाही. मी तिचा हात धरून ओढत पलीकडे नेलं. त्या दिवसापासून ती बसने जाते.

लोक म्हणतात जपानी मुलं स्वावलंबी. मूल तर तेच होतं हो, आठवड्यापूर्वी नागोयात एकटं चालणारं. तिथे शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून ती चालण्याच्या अंतरावर असते, आणि त्या वाटेवरच्या सगळ्यांना ती वाट मुलांची आहे हे माहीत असतं. सकाळी त्या वेळात काही गल्ल्यांत गाड्यांना बंदी असते. किराणा दुकानावर, न्हाव्याच्या दुकानावर ‘मुलांनी घाबरल्यावर इथे यावं’ अशी पाटी असते. संध्याकाळी पाचला पालिकेच्या भोंग्यावर एक संथ धून वाजते आणि बागेतली सगळी मुलं घरी निघतात. धाडस मुलात नव्हतं, वाटेत होतं. आपण मुलाला ‘धीट हो’ सांगतो आणि वाट तशीच ठेवतो.

मात्र एक सांगते. पुण्यात आल्यावर सहा महिन्यांत लेक बदलली. वर्गात हात वर करून ‘मला नाही कळलं’ म्हणायला लागली. नागोयात ती पाच वर्षांत हे म्हणाली नव्हती, तिच्या बाईंनीच प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. समोरच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या हातची थालीपीठं खाऊन येते, मला न सांगता. हे मला नको म्हणवत नाही.

तेरणाकाठ

मी लातूर जिल्ह्यातला. निशिगंधताई, तुमच्या लिखाणात नाही पण विचारतो, भूकंपाचा सराव खरंच नेहमी होतो का?

३० सप्टेंबर १९९३ ला मी दुसरीत होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून सगळे उशिरा झोपलेले. पहाटे चारच्या सुमाराला. आमचं घर दगडमातीचं, वर धाब्याची माती. त्यातून मला काढलं ते शेजारच्या आण्णांनी. धाकटी बहीण राहिली नाही. नंतर कित्येक महिने शाळा पत्र्याच्या शेडात भरली, गुरुजीही नवे होते. ते जीव लावून शिकवायचे, पण भूकंप झाला तर काय करायचं हे त्यांना तरी कुठे कुणी शिकवलं होतं. हे मी शिकलो नोकरीला लागल्यावर, ऑफिसातल्या एका तासाच्या प्रशिक्षणात, वयाच्या तिसाव्या वर्षी.

निशिगंध

दादा, काय लिहू. बहिणीचं वाचून हात थांबला.

हो, नेहमी होतो. मुलाच्या खुर्चीवर जी उशी आहे तीच भूकंपात डोक्यावर घ्यायची जाड टोपी आहे. तिच्यावर तो रोज बसतो. घंटा झाली की टेबलाखाली, टेबलाचे पाय घट्ट धरायचे. मग बाहेर पडताना चार गोष्टी, त्यांच्या आद्याक्षरांचा एक शब्द केलाय ‘ओकाशिमो’: ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. १ सप्टेंबरला तर देशभर सराव असतो, १९२३ च्या मोठ्या भूकंपाची तारीख म्हणून. आमच्या शाळेत त्या सुमाराला पालकांनी जाऊन सही करून मूल ताब्यात घ्यायचाही सराव होतो. कोण न्यायला येणार ते आधी कार्डावर लिहिलेलं, दुसऱ्या कुणाकडे देत नाहीत.

पहिलीत असताना त्याने मला घरी शिकवलं होतं, ‘आई, तू आधी टेबलाखाली, मग मला हाक मार.’

रयतेचा विद्यार्थी

मी वयाने तुमच्या सगळ्यांहून मोठा आहे, मुलगा आणि सून ओसाकात असतात, म्हणून हा धागा वाचला. मुलांनी शाळा झाडणं, जेवण वाढणं हे जपानचं म्हणून सांगताय ते खरंच आहे, पण आपल्याकडे ते घडलं नव्हतं असं समजू नका.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे नुसतं फलकावर नव्हतं. पोरं दळायची, शिजवायची, भांडी घासायची, शेतात राबायची. सगळ्या जातींची, एका ताटलीच्या अंतरावर.

मी १९६६ साली आठवीला रयतेच्या वसतिगृहात गेलो. आमच्या गटाकडे भाकरीची पाळी होती. मी आयुष्यात पीठ मळलं नव्हतं. मला भाकरी थापायला शिकवली ती माझ्याच वयाच्या एका मुलाने. माझ्या गावात त्याच्या वाडीला आम्ही पाणी वरून ओतायचो. दिवाळीला घरी गेलो आणि कौतुकाने आईला भाकरी करून दाखवली. तिने विचारलं, शिकवली कुणी? मी नाव सांगितलं. ती बराच वेळ चुलीकडे बघत राहिली. मग त्या भाकरीचा तुकडा मोडून तिने खाल्ला. तिने त्यानंतर त्या विषयावर कधी एक शब्द काढला नाही, पण त्या घासाइतकं मोठं शिक्षण मी माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणाला देऊ शकलो नाही.

कडूलिंब यांचं म्हणणं मला पटतं. सारखेपणाचा जाच होतो. पण आपल्याकडे आधीच इतकी उतरंड आहे, की सगळ्यांच्या हातात एकदा तरी सारखा झाडू येणं ही आपली गरज वेगळी आहे आणि त्यांची वेगळी.

सोनटक्का

पाढ्यांबद्दल कुणी बोललंच नाही! आमची लेक दुसरीत आहे, तिथे आता ‘कुकू’ सुरू आहे. नऊपर्यंतच. नि इची गा नि, नि निन गा शी, नि सान गा रोकू. आणि रविवारी आजी व्हिडिओ कॉलवर बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. दोन्हींचा ठेका इतका सारखा आहे की ती एका श्वासात दोन्ही म्हणते. अडचण मोजण्यात आहे. जपानीत बावन्न म्हणजे ‘पाच-दहा-दोन’, एकोणसाठ म्हणजे ‘पाच-दहा-नऊ’. मराठीत एकोणसाठ म्हटलं की तिला साठातला वाटतो. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असं वाचायला सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय का? गणितज्ञ मंगला नारळीकर बाई जीव तोडून समजावत होत्या की लहान मुलांना सोपं जावं म्हणून आहे, जुने शब्द काढलेले नाहीत. तेव्हा मीही चिडले होते. आता लेकीची धडपड रोज बघते आणि बाईंचं म्हणणं पटतं. तरी ‘एकोणसाठ’ तिला यायलाच हवं, हा माझा हट्ट मी सोडणार नाही.

फळाखडू

पुन्हा येतोय, कारण सांगण्यासारखं आहे.

तुमचं वाचून सोमवारी मी वर्गात हजेरीच्या क्रमांकांप्रमाणे पाळी लावली. मुलगा-मुलगी नाही, वाडी नाही, फक्त क्रमांक. फळ्यावर लिहिलं. पहिल्या दिवशी १ ते ४. चौघांत तीन मुलगे. त्यांना झाडू धरताच येईना, धूळ उडवत बसले, मुली खोखो हसत होत्या. शेवटी एकीने शिकवलं, झाडू आडवा धर, स्वतःकडे ओढ. मीही झाडलं, कारण १ नंबर आला नव्हता.

मंगळवारी एका मुलाची आजी शाळेत आली. ‘गुर्जी, माझ्या नातवाला झाडायला लावलंसा म्हनं?’ मी म्हटलं, आजी, बसा. आणि खरं ते सांगितलं, की मीही झाडलं. त्या काही बोलल्या नाहीत. जाताना व्हरांड्यात थांबल्या, कोपऱ्यात राहिलेला कचरा त्यांनी पायाने दाखवला. म्हणाल्या, ‘हितलं ऱ्हायलंय बघा.’ आणि गेल्या. आज शुक्रवार आहे, नातू रोज येतोय.

अंगरख्याचा विचार सोडलेला नाही. खिचडी वाढणाऱ्या मुलांसाठी चार शिवून घ्यायचे म्हणतोय, गावातल्या शिंपीकाकांनी कापड तुमचं, शिलाई माझी असं सांगितलंय. धुवायला घरी पाठवायचे की शाळेतच धुवायचे, यावर अजून विचार चाललाय. रयतेचे विद्यार्थी, तुम्ही सांगा.

रयतेचा विद्यार्थी

घरी पाठवा. शाळेत धुतलात तर तो फक्त स्वच्छतेचा प्रश्न राहील. पहिल्या आठवड्यात तुमच्याच घरी न्या आणि सोमवारी ज्याची पाळी असेल त्याच्या अंगात तुम्ही स्वतः घाला. एखादा परत आला तर ओरडू नका, पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा. आम्हाला अण्णांच्या, म्हणजे कर्मवीरांच्या, माणसांनी असंच वागवलं.

निशिगंध

सर, तुमचं वाचून मी मुलाला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. त्याला आजीचं ‘हितलं ऱ्हायलंय’ फार आवडलं, दोन दिवस तेच म्हणत घर झाडतोय. त्याने तुमच्या मुलांसाठी एक चित्र काढलंय, झाडू कसा धरायचा, फडकं कसं घडी घालायचं, चार चौकटींत, खाली मराठीत नावं. ‘फडकं’मधला ‘ड’ उलटा आला आहे, तो मी तसाच ठेवला. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवाल का, पोस्टाने पाठवते.

आणि सर, मापासाठी एका जुन्या अंगरख्याचे फोटोही पाठवते. पाठीमागे बंद असतात ते लांब ठेवा, मुलं एकमेकांना बांधून देतात. पहिलीतल्यांना सहावीतली मुलं बांधून देतात.

आमच्याकडचा परवा परत गेला. टोपीचं इलॅस्टिक सैल झालं होतं, ते नवं घातलं. दोरा मात्र घरात लालच होता.